ठशाची मागची बाजू

लाल शाईत 'जवळपास' एवढाच शब्द लिहून परत आलेली चिठ्ठी मियाकेने उलटी करून मांडीखाली सरकवली. पण शेजारी बसलेल्या दातांच्या डॉक्टरने ती पाहिलीच.

"जवळपास म्हणजे काही वाईट नाही हो, मियाकेसान," डॉक्टर म्हणाला. "मला तर सरळ 'नाही' आलंय."

"तुम्हाला इथे यायला लागून दोन वर्षं झालीत. मला अठ्ठेचाळीस."

डॉक्टर हसला. मियाके हसला नाही.

ओसाफुनेच्या सार्वजनिक सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हा मेळावा भरत असे. लाल कापडावर पाच जुन्या तलवारी मांडलेल्या. करणाऱ्या लोहाराचे नाव कोरलेले असते ते मुठीत दडलेल्या बुंध्यावर, आणि मूठ तर काढायची नाही. नुसते पाते बघायचे, पोलादाचा पोत बघायचा, धारेलगतची पाणी दिल्याची नागमोडी रेघ बघायची आणि लोहाराचे नाव चिठ्ठीवर लिहून परीक्षकाकडे द्यायचे. परीक्षकाची उत्तरे तीनच: बरोबर, जवळपास, नाही. एका पात्यासाठी तीन चिठ्ठ्यांची मुभा, पण पहिल्याच चिठ्ठीवर 'बरोबर' आणणे हीच खरी शान. वर्षअखेर गुण मोजून पहिल्या तिघांना आकाश, पृथ्वी आणि माणूस म्हणायचे. मियाके एके काळी सलग अकरा वर्षे पृथ्वी होता. त्या अकराही वर्षी आकाश कोण होते, हे त्याच्यापुढे कोणी काढू नये.

आकाश आता परीक्षकाच्या बैठकीवर बसले होते. हानाबुसा. वय चौसष्ट, गाल गुबगुबीत, नखांत सायकलच्या साखळीचे काळे तेल. आयुष्यभर स्टेशनाजवळच्या दुकानात पंक्चर काढणारा माणूस! तो आकागी गुरुजींकडे शिकायला आला तेव्हा मियाकेला तिथे सहा वर्षे झाली होती. मियाकेनेच त्याला पाते कसे धरायचे ते शिकवले, पात्यावर श्वास पडू द्यायचा नाही, पाते हातात असताना बोलायचे नाही, हे सगळे शिकवले. आणि वर्षभरात हा पोरगा पाते उजेडाकडे धरून म्हणायला लागला, "हा माणूस घाईत होता," किंवा "याचा गुरू वेगळा, पण भट्टी बापाची." गुरुजींनी मूठ काढून बघितले की ते खरे निघायचे. कसे निघायचे, ते हानाबुसालाही सांगता येत नसे. मियाकेच्या पोटात दुखायला लागले ते तेव्हापासून.

मियाके कष्टाळू होता, हे सगळे मान्य करत. तो शिक्षण खात्याच्या कचेरीत तलवारींच्या नोंदणीच्या टेबलावर अडतीस वर्षे बसला. माळ्यावर, पेटीच्या तळाशी सापडलेल्या तलवारी लोक घेऊन येत. लांबी मोजायची, मुठीच्या खुंटीसाठी बुंध्याला पाडलेली भोके मोजायची, बुंध्यावरची अक्षरे जशीच्या तशी कार्डावर उतरवायची. अक्षरांत त्याचा हात कोणी धरत नसे. छिन्नी कुठून शिरली, कुठे वळली, कुठे दमली, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. पण मेळाव्यात बुंधा झाकलेला असतो. ज्यात तो हुशार, तेच नेमके कापडाखाली. आणि जे उघडे, ते हानाबुसाचे. यात देवाचा काही खोडसाळपणा आहे, असे त्याला मनापासून वाटे.

गुरुजी थकले तेव्हा त्यांनी परीक्षकाचा लाल कुंचला सर्वांसमोर हानाबुसाच्या हातात दिला. त्या वेळी मियाकेच्या हातात चहाचा ट्रे होता. पेले वाटून होईपर्यंत त्याला तो खालीही ठेवता आला नाही.

चिठ्ठ्या संपल्यावर हानाबुसाने एक सहावी तलवार पुढे ठेवली.

"ही ओळखायला नाही आणली," तो म्हणाला. "वरच्या गावातल्या देवळाच्या कोठारात सापडली. बघा फक्त."

त्याने बांबूची खुंटी ठोकून काढली, मनगटावर हलके ठोके मारून मूठ सैल केली आणि काळा बुंधा उघडा केला. त्याच्यावर लांबलचक मजकूर होता. हानाबुसाने तो मोठ्याने वाचला.

"'मोरिहारु. वय वर्षे एकाहत्तर. उजव्या हाताला हातोडी पेलत नाही. डाव्या हाताने ठोकून हे नाव कोरले.'"

सभागृहात कुजबुज झाली. मोरिहारु म्हणजे याच नदीकाठचा, चारशे वर्षांपूर्वीचा मोठा लोहार. पण त्याने डाव्या हाताने कोरलेले नाव आजवर कोणी पाहिले नव्हते. कोणीच नव्हते, असे बाकीच्यांना वाटत होते.

मियाकेने मांडीखालची चिठ्ठी आणखी आत सरकवली.

हानाबुसा दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ताठ बसला. "एक सांगायचंय," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांपूर्वी नानबाबाईंनी त्यांच्या सासऱ्यांची तलवार आणली होती. तिच्यावर 'मोरिहारु' एवढंच नाव होतं. छिन्नीचे सगळे घाव उलट्या बाजूने. मी म्हणालो, नाव खोटं आहे. परीक्षक म्हणून माझा पहिलाच दिवस होता. बाईंनी आठ दिवसांत कानस लावून ते नाव काढून टाकलं."

सगळ्यांना रीत माहीत होती. खोट्या नावाच्या तलवारीला प्रमाणपत्र मिळत नाही. नाव घासून टाकले की ती बिननावाची म्हणून मिळते. एकदा घासलेले नाव मात्र परत येत नाही.

"ते खरं होतं," हानाबुसा म्हणाला. "मी एका माणसाचं नाव पुसलं. तेही त्याने म्हातारपणी, दुखऱ्या हाताने कोरलेलं. आपल्या तलवारप्रेमी संघाच्या मासिकात मी हे लिहिणार आहे. त्या नावाचा कागदावर घेतलेला ठसा कोणाकडे असेल तर द्या. नानबाबाईंनी त्यांच्याकडचा फेकून दिलाय." मग त्याने मान वळवली. "मियाकेसान, ठसा तुम्हीच काढला होतात ना? प्रत असेल?"

"बघायला लागेल," मियाके म्हणाला. "जुनी गोष्ट आहे."

हानाबुसाने कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला. आणि लोकांनी काय करावे? टाळ्या वाजवल्या! डॉक्टरच्या तर डोळ्यांत पाणी आले. "केवढं मोठं मन," तो मियाकेच्या कानाशी म्हणाला. "कोण असं चारचौघांत कबूल करतं हो?"

मियाके टाळ्या वाजवत होता. त्याचे तळहात झोंबत होते. या माणसाची नजर बरोबर निघाली तरी वाहवा त्याची, आणि चुकली तरी वाहवा त्याचीच. आपण काय करायचे मग? ट्रे धरायचा?

घरी त्याची बायको तोमिए ओसरीवर बसून वाळत घालायची पर्सिमॉनची फळे सोलत होती. तो बूट काढून सरळ आतल्या खोलीत गेला आणि खालच्या खणाशी बसला.

"अहो, जेवण?"

"नंतर."

"आज काय आलं? जवळपास?"

त्याने खण बाहेर ओढला.

"म्हणजे जवळपासच," तोमिए फळाकडे बघत म्हणाली. "हानाबुसासान बरे आहेत ना?"

"उत्तम आहेत. चूक केली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या."

ठसा त्याला शोधावा लागलाच नाही. तो कुठे आहे हे सव्वीस वर्षे त्याला माहीत होते. बुंध्यावर पातळ कागद ठेवून वरून शाईची कोरडी वडी फिरवायची, की गंज काळा उमटतो आणि कोरलेले अक्षर पांढरे राहते. कागदावर 'मोरिहारु' स्वच्छ उमटले होते. मियाकेने तो दिव्याखाली उलटा केला.

मागच्या कोपऱ्यात त्याचे बारीक, सरळ अक्षर होते. 'नाव खरे. म्हातारपणचे. हातोडी डाव्या हातात. मियाके तामोत्सु, ११ मे.'

ही गुरुजींची शिस्त होती. ठसा काढणाऱ्याने दुसऱ्या कोणाचे ऐकायच्या आत आपले मत मागच्या कोपऱ्यात लिहायचे, खाली नाव आणि तारीख टाकायची आणि मग त्याला कधीही हात लावायचा नाही. मेळावा होता १२ मे रोजी.

त्या शनिवारी दुपारी ठसा उमटत असतानाच मियाकेला कळले होते. त्यात हुशारीचा प्रश्नच नव्हता. तो स्वतः डावखुरा जन्मला होता. लिहायला लागला तेव्हा आईने त्याचा डावा हात कमरेच्या दोरीत अडकवून उजव्याने लिहायला लावले होते. उलट्या बाजूने शिरणारी रेघ, चुकीच्या कडेला उचललेली किनार, हे सगळे त्याच्या डाव्या हाताला ओळखीचे होते. तो उठून खोलीभर फिरला होता. गुरुजींना, हानाबुसाला, कोणालाच न दिसलेली गोष्ट एकट्या त्याला दिसली होती. उद्या सगळ्यांसमोर सांगायचे, असे त्याने ठरवले होते.

आणि दुसऱ्या दिवशी सभा सुरू होतानाच गुरुजींनी लाल कुंचला हानाबुसाला दिला. ट्रे खाली ठेवून मियाके बसतो न बसतो तोच नानबाबाईंची तलवार उघडली गेली, आणि हानाबुसा म्हणाला, "खोटं वाटतं." गुरुजींनी विचारले, "आणखी कोणाचं काही मत?" मियाकेने चहाच्या पेल्यात बघितले. पडू दे तोंडघशी, असे त्याला वाटले होते. एकदाच. महिनाभराने आपण सांगू, आणि मग कुंचला कोणाच्या हातात शोभतो ते दिसेल. बाई आठच दिवसांत कानशीवाल्याकडे धावतील, हे कोणाला माहीत होते? नाव गेल्यावर सांगून काय होणार होते? लोकांनी एकच प्रश्न विचारला असता: मग तेव्हा का नाही बोललात?

"तो कागद ना?" तोमिए दारात उभी होती. हातातली सुरी तिने एप्रनला पुसली. "दर वर्षी झाडझूड करताना तुम्ही तो खण मला उघडू देत नाही."

त्याने तिला सांगितले. सगळे सांगितले, कारण आता पोटात ठेवायला जागाच उरली नव्हती. ती उंबऱ्यावर खाली बसली.

"सापडला नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "झालं."

"म्हणजे मी बरोबर होतो, हे कोणाला कधीच कळणार नाही."

"तुम्ही गप्प बसलात हेही कळणार नाही."

"कोपरा कापला तर?"

"मला काय विचारता? तुमची शिस्त, तुम्ही जाणा. पण हानाबुसासान आधी मागचीच बाजू बघतील ना?"

बघणारच. कोपरा कापलेला दिसला तर तो विचारणार, मागे कागद चिकटवला तर तो उजेडाकडे धरणार. मियाकेने कात्री काढली, तरीही. कोपऱ्याशी नेली. कानस लावून नाव घासल्यावर बुंध्यावर जो उजळ डाग पडतो, तो त्याला आठवला. त्याने कात्री खणात टाकली. त्यात चांगुलपणा फारसा नव्हता. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपण त्या माणसाच्या पुढे होतो; आणि त्याचा पुरावा आपल्याच हाताने कापायचा, हे त्याच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हानाबुसाच्या दुकानात गेला. दुकान आता मुलगा चालवत असे, पण पंक्चर अजून म्हाताराच काढायचा. तो लाकडी पाटावर बसून पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबत होता आणि बुडबुड्यांची वाट बघत होता.

"या या, मियाकेसान. बसा. ते स्टूल घ्या, त्याला ग्रीस नाही." त्याने हात पुसले, थर्मासमधला चहा ओतला. "मला वाटलंच तुम्ही याल. कागद जपणारा तुमच्यासारखा माणूस नाही."

मियाके काहीतरी बोलायला गेला. पण हानाबुसाच पुढे बोलत राहिला.

"रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. त्या दिवशी पात्याकडे बघून मला वाटत होतं, हा मोरिहारुच. पोलाद तेच सांगत होतं. पण ती अक्षरं बघितली आणि मी घाबरलो. अक्षरांतलं मला काय कळतं? गुरुजी नेहमी म्हणायचे, हानाबुसा, पोलाद तुझं, अक्षर मियाकेचं. मी 'खोटं वाटतं' म्हणालो ना, ते तुमच्याकडे बघत म्हणालो होतो. आठवतं?"

"नाही," मियाके म्हणाला. त्याला चहाचा पेला आठवत होता.

"तुम्ही नुसती मान हलवली असती तरी मी शब्द मागे घेतला असता. तुम्ही खाली बघत होतात. मी म्हटलं, संपलं. मियाकेसान गप्प आहेत म्हणजे नाव खोटंच. माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगतो. हे मी मासिकात नाही लिहिणार हं. चूक माझी आहे, तुम्हाला कशाला मध्ये ओढू?"

दुकानात मुलगा कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजवून बघत होता. मियाके बसल्या जागी आक्रसला. बेचाळीस वर्षे ज्या नजरेवर तो जळत आला होता, ती नजर ऐन वेळी त्याच्याकडेच वळली होती. आणि त्याने ती वाऱ्यावर सोडली होती. आता निघून जावे, सापडला नाही म्हणावे, असे त्याला वाटले. पण लिफाफा हातात होता आणि हानाबुसाने तेलकट हात लांब धरून बोटांच्या टोकांनी तो घेतलाही होता.

हानाबुसाने ठसा बघितला. "हाच," तो पुटपुटला. मग सवयीप्रमाणे कागद उलटा केला.

त्याने कोपरा वाचला. एकदा वाचला, मग चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला. तारखेवर त्याची नजर थांबली, हे मियाकेला दिसले. घमेल्यातल्या ट्यूबमधून एक एक बुडबुडा वर येत होता आणि दोघांपैकी कोणीही तिकडे बघत नव्हते.

"अकरा मे," हानाबुसा म्हणाला.

"हो."

"आणि मेळावा बाराला."

"हो. मी मुद्दाम गप्प बसलो. कुंचला तुला मिळाला म्हणून. तू तोंडावर आपटावंस म्हणून." त्याला वाटले होते हे बोलताना आवाज कापेल. कापला नाही. "आजही तो आणलाय तो काही पश्चात्ताप झाला म्हणून नाही. मला दिसलं होतं, एवढं तुला कळावं म्हणून आणलाय."

हानाबुसाचा गुबगुबीत चेहरा क्षणभर ओळखू येईना इतका कठोर झाला. आता तो ओरडेल, ठसा तोंडावर फेकेल, आपल्याला दुकानातून हाकलून देईल, असे मियाकेला वाटले. तसे झाले असते तर बरेच झाले असते. हानाबुसा उठला, नळाखाली साबण लावून त्याने दोन्ही हात धुतले, नखेसुद्धा घासली. मग भिंतीवरच्या कोनाड्यातून त्याने गुरुजींचा कुंचला आणि लाल शाईची वाटी काढली, ठसा पाटावर पालथा पसरला आणि मियाकेच्या मताखाली, चिठ्ठीवर लिहितात तसा, एकच शब्द लिहिला.

बरोबर.

"पहिल्याच चिठ्ठीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात ना राग होता ना माया. मेळाव्यात सर्वांना ऐकू जाईल असे सांगायची रीत आहे, तसे त्याने सांगितले. आणि पाट मियाकेकडे सरकवून तो पुन्हा घमेल्याशी बसला.

मियाके कागद मांडीवर घेऊन त्या शब्दाकडे बघत राहिला. हानाबुसा परीक्षक झाल्यापासून सव्वीस वर्षे हाच शब्द, याच हातून, पहिल्याच चिठ्ठीवर, त्याने मागितला होता.

"छापशील तेव्हा दोन्ही बाजू छाप," तो म्हणाला.

"तुमचं नाव येईल."

"येऊ दे."

हानाबुसाने मान डोलावली आणि ट्यूबवर भोकाभोवती खडूने गोल काढला. मियाकेला उठायचे होते. पण लाल शाई ओली होती, ठसा लिफाफ्यात घालून हानाबुसाकडे ठेवायला घडी घातली असती तर शब्द फिसकटला असता. म्हणून तो स्टुलावर बसून राहिला, मांडीवर कागद दोन्ही हातांनी सपाट धरून, शाई वाळेपर्यंत.